गावाला वळण लावायचंय? आधी मांडव घाला

गावावर छाप पाडायची असेल तर चारित्र्याच्या नादी लागू नका. ते काम वेळखाऊ, आणि त्याचा फ्लेक्स छापता येत नाही. सरळ हरिनाम सप्ताह बसवा. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काला आणि पंगत. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी असली की शेजारची गावंही भाविक होतात. फ्लेक्सवर विठोबा लहान, तुम्ही मोठे. तो कुठे तक्रार करतोय!

विनोबांच्या वाटेला जाऊ नका. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी. मांडव नाही, भोंगा नाही, समोर कैदी. साने गुरुजी लिहून घेत होते म्हणून निदान जगाला कळलं. हे गुरुजी तर आणखी अव्यवहारी. त्याआधी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या न बोलता स्वतः झाडायचे. पोरांना लाज वाटावी, दुसरं काय! एवढा शिकलेला मास्तर, हातात केरसुणी, आणि देणगीची पावती एकही नाही.

तुम्ही शहाणे आहात. काला आटोपला की कापसाच्या खेडा खरेदीला बसा. काटा इलेक्ट्रॉनिक घ्या, रिमोटवाला. सोबत गोमुखी, म्हणजे जपमाळेची पिशवी, हवीच. आत हात गेला की जप चाललाय की बटण, हे प्रत्यक्ष पांडुरंगालाही सांगता यायचं नाही. शेतकरी गाठोडं काट्यावर ठेवतो, आकडा बघतो, घरी तर जास्त भरलं होतं म्हणून डोकं खाजवतो. मग त्याची नजर तुमच्या गळ्यातल्या तुळशीमाळेवर जाते आणि तो गप्प बसतो. मुक्ताईच्या पालखीसोबत महिनाभर पंढरीची वाट तुडवणाऱ्यांना माळेचा हा उपयोग अजून सुचलेला नाही.

या वेळी दहावीतल्या पोराला वही धरायला जवळ बसवा. उपदेश करू नका, तो सप्ताहात पोटभर झालाय. पोरगा नुसता बघेल, ओठ कधी हलतात आणि अंगठा कधी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा हिशोब कराल तेव्हा दोन-चार खाडे जास्तीचे लावा आणि लगेच सप्ताहाची वर्गणी मागा. 'नाना, तुमना देव तुमलेच राहू द्या,' म्हणून तो टोपी झटकत उठला, की समजा काम फत्ते. नास्तिकांना जन्मभर भाषणं ठोकून जे जमत नाही ते तुम्ही वहीतल्या चार रेघांत केलंत.

फक्त कापूस वेचायला येणाऱ्या एका बाईवर लक्ष ठेवा. अशी प्रत्येक गावात एखादी असतेच. मजुरी किलोवर, म्हणजे पहाटेच्या दवानं भिजलेला कापूस वजनाला चांगला. बाकीच्या तो तसाच झोळीत कोंबतात. ही मात्र ओला कापूस बांधावर फडक्यावर पसरते, वाळला की मग मोजायला आणते. कीर्तनाला मागे बसते, बऱ्याचदा डुलकीही काढते. का गं, विचारलं तर म्हणते, 'पाण्याचे पैसे कसे घेऊ?' आणि पुढे काहीच बोलत नाही. ही मोठी खोड आहे. चार दिवसांत शेजारच्या दोन पोरींनी आपापली फडकी पसरली. असल्या बाईला पुढच्या वेचणीला बोलावू नका, आणि पोराला तर तिकडे फिरकूच देऊ नका.

तो तुमच्याजवळच नीट तयार होईल. पुढे तुम्ही थकलात, की एक दिवस कागद घेऊन खाटेपाशी बसेल. आधी पायांवर डोकं ठेवेल, मग म्हणेल, 'आबा, सातबाऱ्याचं जरा काम होतं, इथं अंगठा द्या.' त्याच्या कपाळावरचा बुक्का तुमच्यापेक्षा ठसठशीत असेल. चष्मा मागू नका. श्रद्धा ठेवा.