पाण्याचा हिशेब कुठे आहे?

शहराचा पर्यावरणीय पाऊलठसा, म्हणजे शहर जगताना निसर्गावर टाकतं तो भार, मुख्यतः धूर आणि विजेवर ठरतो, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं पटलं नाही. कॅनडातले पर्यावरण-अर्थतज्ज्ञ विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मांडली तीच मुळी शहराला बाहेरची किती जमीन पोसते, हे मोजायला. मग बाहेरून येणारं पाणी या हिशेबातून कसं सुटलं? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला सुमारे ३४० किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं!

आमचं गाव लातूरच्या जवळच. त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या विहिरीवर पहाटे चारपासून शहराचे टँकर लागायचे. दोन तासांत मोटार गाळ ओढायला लागायची. मग आई घागर घेऊन कठड्यावर बसायची, झरे पाझरायची वाट बघत. बांधावरचे दोन जुने आंबे त्याच वर्षी वाळले.