टाटा मोटर्स ६६० चा ४०० झाला तो पडून नाही, वाटणी होऊन

दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला एक मेसेज अजून आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात लिहिलंय की टाटा मोटर्सचा शेअर एका रात्रीत ६६० चा ४०० केला, कंपनी फोडून मालकांनी सामान्य माणसाचे ४० टक्के खाल्ले, मलई त्यांना आणि कर्ज आपल्याला, नवीन शेअरवर टॅक्स वेगळा, कामगार घरी, म्हणून कुठलीही कंपनी डीमर्जर (म्हणजे एका कंपनीतला धंदा वेगळ्या कंपनीत काढणं) म्हणाली की लगेच विकून मोकळे व्हा. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, शेअरबाजारातला पंडित नाही, पण हा मेसेज वाचून माझ्या ओळखीच्या माणसाने खरंच विकलंय म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आमच्या सोसायटीत एसटीतून रिटायर झालेले एक काका आहेत. १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी दहा वाजून गेलेले, त्यांचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. संध्याकाळी त्यांनी मोबाईल दाखवला, अ‍ॅपवर लाल अक्षरात उणे ३९ टक्के. त्यांच्याकडचे साठच्या साठ शेअर त्यांनी मला फोन करायच्या आधीच विकले होते.

आता पहिला मुद्दा, ४० टक्के खाल्ले. १३ ऑक्टोबरला एनएसईवर (राष्ट्रीय शेअरबाजारात) टाटा मोटर्स ६६०.७५ ला बंद झाला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या खास सत्रात ४०० भाव निघाला हे खरंय. पण तुमचं चार एकर रान आहे आणि त्यातलं दीड एकर वेगळ्या सातबाऱ्यावर चढलं, तर जुन्या सातबाऱ्यावर अडीचच दिसणार ना? ट्रक-बसचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला आणि एका शेअरमागे त्या कंपनीचा एक शेअर मिळणार होता. अ‍ॅपला ते कळत नाही, ते कालचा आकडा आणि आजचा आकडा एवढंच वजा करतं. १२ नोव्हेंबरला तो दुसरा शेअर एनएसईवर ३३५ ला लिस्ट झाला, म्हणजे त्याची खरेदी-विक्री सुरू झाली. ४०० आणि ३३५ हे वेगवेगळ्या दिवसांचे भाव आहेत, मध्ये बाजार वरखाली होतो, त्यामुळे नुसती बेरीज करून "बघा फायदा झाला" असंही मी म्हणणार नाही, पण २६० रुपये कुणी खाल्ले नाहीत एवढं तरी त्यातून दिसतं.

"एका रात्रीत" हे तर साफ चूक. कंपनीच्या बोर्डाने हे ४ मार्च २०२४ ला जाहीर केलं आणि अंमल १ ऑक्टोबर २०२५ पासून, म्हणजे दीड वर्षाच्या वर गेलं. मध्ये शेअरहोल्डरचं मतदान (मत देणाऱ्यांच्या शेअरच्या किमतीनुसार तीन चतुर्थांश होकार लागतो), कंपनीला कर्ज देणाऱ्यांची संमती, शेअरबाजाराची मंजुरी, मग कंपनी कायदा न्यायाधिकरण म्हणजे एनसीएलटी. मतदानाची नोटीस शेअरहोल्डरच्या ईमेलवर येते, आपण ती उघडत नाही ही आपली अडचण आहे.

मलई त्यांना, कर्ज आपल्याला. हा मुद्दा नीट बघायला हवा कारण यात भीती अगदीच खोटी नाहीये. शेअरच्या बाबतीत प्रवर्तकाला म्हणजे मालकाला ज्या प्रमाणात मिळतं त्याच प्रमाणात तुम्हाला मिळतं, त्यात वेगळी पंगत नसते. आयटीसीने हॉटेलं वेगळी केली तेव्हा दहा शेअरमागे एक दिला, नव्या कंपनीचा ६० टक्के हिस्सा थेट शेअरहोल्डरकडे गेला आणि ४० टक्के आयटीसीने ठेवला, म्हणजे त्या चाळीसमध्येही आयटीसीच्या शेअरमधून तुम्ही आहातच. पंचवीस शेअर असतील तर दोन मिळाले आणि उरलेल्या अर्ध्याचे पैसे, कारण असे तुकडे एकत्र करून विकतात आणि रक्कम खात्यावर टाकतात. कर्जाचं म्हणाल तर करमुक्त डीमर्जर हवं असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याने नियम घालून दिला होता, ज्या धंद्यासाठी कर्ज काढलं त्याच्याबरोबर ते जायचं, आणि सगळ्यांसाठी मिळून काढलेलं कर्ज मालमत्तेच्या प्रमाणात वाटायचं. तरीही एक बाजू दुबळी राहू शकते. भावांच्या वाटणीत एकाला विहिरीकडचं रान येतं आणि एकाला माळ, तसं. म्हणून स्कीमचा म्हणजे वाटणीच्या योजनेचा कागद वाचावा, कुठल्या कंपनीवर किती देणं गेलं ते बघावं, आणि मग विकायचं तर विकावं.

फोडतात कशाला याचं उत्तर त्याच वर्षी दिसलं. सप्टेंबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला होऊन तिचे कारखाने बंद पडले. ती कंपनी कारच्या बाजूला आहे. आपल्या पुणे हायवेवर मालट्रक किती विकले जातात याचा इंग्लंडमधल्या त्या कारखान्यांशी काय संबंध? पण एकाच शेअरमध्ये दोन्ही असले की एकाचं दुखणं दुसऱ्याच्या भावात येतं, आणि फक्त ट्रकच्या धंद्यात पैसे लावायचेत अशा माणसाला जागाच राहत नाही.

टॅक्स. नियमाप्रमाणे झालेल्या डीमर्जरमध्ये नवीन शेअर मिळाला म्हणून टॅक्स नाही, विकाल तेव्हा लागतो, आणि शेअर किती काळ ठेवला ती मुदतही जुना शेअर घेतला त्या तारखेपासून मोजतात. खरी गडबड वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही. खरेदीची किंमत दोन्हीकडे वाटायची असते, ती बाजारभावाने नाही तर पुस्तकी किमतीने, म्हणजे कंपनीच्या हिशोबात जी किंमत लिहिलेली असते तिच्या प्रमाणात. रिलायन्सने २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी केली तेव्हा ९५.३२ आणि ४.६८ टक्के असं प्रमाण जाहीर केलं. म्हणजे २००० रुपयांना घेतलेल्या रिलायन्सची किंमत झाली १९०६.४०, आणि जिओची फक्त ९३.६०. बाजारात मात्र जिओचा भाव निघाला २६१.८५. तो विकून "मला काही मिळालंच नाही" म्हणत रिटर्नमध्ये न दाखवणारे लोक मी बघितलेत.

कामगारांचा मुद्दा वाचून मला राग येत नाही, पोटात कालवतं. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. साठच्या दशकात मिल बंद झाली तेव्हा या गावाने जे भोगलं ते घराघरात माहिती आहे, त्यामुळे "कंपनी फोडली" ऐकलं की सोलापूरच्या माणसाला "भोंगा बंद झाला" असंच ऐकू येतं. पण ती मिल बंद पडली होती, वेगळी केली नव्हती. इथे धंदा चालू स्थितीतच दुसऱ्या कंपनीत जातो, माणसं त्याच्याबरोबर जातात, नोकरी सलग धरतात, पगार-सवलती आधीपेक्षा कमी करायच्या नाहीत असं स्कीममध्ये लिहिलेलं असतं, पीएफ-ग्रॅच्युइटीची वर्षं तुटत नाहीत. पाच वर्षांनी नवीन मॅनेजमेंट काय करेल याची हमी त्यात नाही, ती डीमर्जर न होता तरी कुठे होती?

आणि याच मेसेजची उलटी जात पण फिरते, रेकॉर्ड डेटच्या (ज्या दिवशी शेअर कुणाच्या नावावर आहेत ते बघून नवीन शेअर देतात) आदल्या दिवशी घ्या, फुकट शेअर. फुकट काही नाही ओ, दुसऱ्या दिवशी भाव तेवढा कमी होऊनच उघडतो. शिवाय आयपीओ, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते ते, वेगळं. टाटा टेक्नॉलॉजीजच्या वेळी टाटा मोटर्सच्या शेअरहोल्डरना फक्त राखीव कोटा होता, शेअर पैसे भरूनच घ्यायचे होते.

काकांचं सांगायचं राहिलं. रेकॉर्ड डेटच्या दिवशी विकलं तरी आदल्या दिवशी शेअर खात्यात होते, त्यामुळे ट्रकवाल्या कंपनीचे साठ शेअर त्यांना मिळालेच. नोव्हेंबरात परत फोन, "अरे मी टाटा मोटर्स विकले होते ना, मग परत टाटा मोटर्स कसे दिसायलेत, बँकेची चूक तर नाही?" कारण टाटा मोटर्स हे नाव आता ट्रकच्या कंपनीला गेलंय आणि त्यांनी विकले ते पॅसेंजर व्हेइकल्सचे. ते साठ अजून त्यांच्याकडे आहेत, आणि कंपनीने सांगितलेलं किमतीचं प्रमाण मी त्यांच्या डायरीत पहिल्या पानावर लिहून दिलंय.