‘शेवटी काहीच सापडत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नातेवाइकांच्या आणि जुन्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टीव्हीवर यती (हिमालयातला हिममानव), बिगफूट (अमेरिकेच्या रानातला म्हणे केसाळ, राक्षसी वानरमानव), स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तळ्याचा राक्षस किंवा भुतं शोधत फिरणारे जे कार्यक्रम लागतात, त्यांत शेवटपर्यंत काहीच सापडत नाही. जे दाखवतात ते बनावट असतं. त्यातून अंधश्रद्धा वाढते. आणि जगच बघायचं असेल तर चांगले प्रवासाचे कार्यक्रम आहेत की! खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलेलं नाही. हे कार्यक्रम मी कितीतरी वर्षं आवडीने बघते आहे. भूत असतं असं मी मानत नाही, हिमालयात हिममानव राहतो असंही मानत नाही. तरी रात्री जेवणं उरकल्यावर एखादी तुकडी विजेऱ्या घेऊन रानात शिरताना दिसली, की मी टीव्हीसमोरून उठत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘काहीच सापडत नाही.’ वरवर बघितलं तर अगदी खरं. ॲनिमल प्लॅनेटवरचा ‘फाइंडिंग बिगफूट’ २०११ ते २०१८ चालला, शंभर भाग झाले, बिगफूट काही मिळाला नाही. पण ताडोब्याला जाऊन वाघ न दिसता परत आलेला माणूस ‘मी जंगलच बघितलं नाही’ असं म्हणतो का? पहाटेची थंडी, सांबराचा इशारा, धुळीत उमटलेला ताजा पंजा, गाइडने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं तो क्षण, हे सगळं त्याच्या पदरात पडलेलंच असतं. शोध बघण्यातली गोडी तिथे असते.

शिवाय सापडतं. फक्त जे शोधायला गेले ते नव्हे, भलतंच. यतीचंच घ्या. ॲनिमल प्लॅनेटसाठी यतीवर माहितीपट बनवणाऱ्या एका ब्रिटिश निर्मिती संस्थेने मठांत आणि लोकांच्या संग्रहात जपून ठेवलेले ‘यतीचे’ अवशेष गोळा केले. हाड, दात, कातडी, केस, विष्ठा, जे मिळेल ते. ते अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या शार्लोट लिंडक्विस्ट या जीवशास्त्रज्ञ बाईंकडे डीएनए तपासणीसाठी गेले. नऊ नमुन्यांपैकी आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. २०१७ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि बातम्यांत ‘यती म्हणजे अस्वल’ एवढंच गाजलं. माझ्या मते त्यातला खरा ऐवज पुढे आहे. हिमालयातल्या तपकिरी अस्वलाबद्दल आनुवंशिक माहिती फार तुटपुंजी होती. या कामामुळे त्याच्या मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाच्या) डीएनएचा पूर्ण आराखडा पहिल्यांदा हाती आला, आणि ही अस्वलं इतर तपकिरी अस्वलांपासून सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली असावीत हे कळलं. आज ही अस्वलं अत्यंत धोक्यात आहेत. त्यांच्यासाठी एवढी खटपट झाली, ती टीव्हीवाले हिममानव शोधायला निघाले म्हणून.

लॉक नेसमध्ये २०१६ साली पाण्याखाली फिरणारा एक यंत्रमानव सोनारने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, तळ तपासत होता. त्याला लांब मानेचा राक्षस खरंच सापडला! शेरलॉक होम्सवरच्या एका चित्रपटासाठी बनवलेला नऊ मीटरचा पुतळा १९६९ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी तळ्यात बुडाला होता, तो तसाच तळाशी पडून होता. पुढे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी त्या तळ्याचं पाणी ठिकठिकाणी, वेगवेगळ्या खोलीवर भरून घेतलं आणि पाण्यात विरलेल्या डीएनएवरून तिथे कोणकोण राहतं याची मोजदाद केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, पण ईल मासे मात्र जिथे बघावं तिथे. नेसीच्या, म्हणजे त्या राक्षसाच्या, नावाशिवाय त्या तळ्यातल्या ईल माशांची चौकशी जगभरच्या वर्तमानपत्रांनी केली असती असं मला नाही वाटत.

‘सगळं बनावट असतं.’ इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने थोडं बोललं पाहिजे. २०१२ मध्ये ॲनिमल प्लॅनेटने जलपऱ्यांवर एक माहितीपट दाखवला. शास्त्रज्ञ म्हणून बोलणारी माणसं नट होती, पुरावे रचलेले होते. लोकांनी इतकी विचारणा केली की अमेरिकेच्या सरकारी सागर संस्थेला ‘जलमानव असल्याचा कोणताही पुरावा मिळालेला नाही’ असं जाहीर करावं लागलं. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीने मेगॅलोडॉन हा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय शार्क अजून जिवंत असल्याचं त्याच पद्धतीने दाखवलं. जवळजवळ ४८ लाख लोकांनी ते बघितलं. हे नाट्य आहे अशी सूचना होती, पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जाणारी. ही प्रेक्षकांची फसवणूक होती आणि तिचा मला आजही राग येतो, कारण ती माझ्या आवडत्या गोष्टीच्या नावावर झाली. प्रेक्षकही खवळले. २०१५ मध्ये डिस्कव्हरीच्या नव्या प्रमुखांनी असले प्रकार पुन्हा होणार नाहीत असं सांगितलं.

पण त्या दोन कार्यक्रमांची शिक्षा सगळ्यांना कशाला? ‘फाइंडिंग बिगफूट’मध्ये चार जण होते. तिघांचा बिगफूटवर विश्वास, आणि चौथ्या रनाए हॉलंड या जीवशास्त्रज्ञ बाई, त्यांचा अजिबात नाही. त्या प्रत्येक भागात कॅमेऱ्यासमोर ‘मला हे पटत नाही, कारण...’ म्हणायच्या आणि कारणही द्यायच्या. आपल्याकडच्या किती चर्चांच्या कार्यक्रमांत असा माणूस शेवटपर्यंत शांतपणे बोलू शकतो?

त्यांची एक पद्धत मला फार आवडायची. कुणीतरी काढलेल्या चित्रफितीत लांबवर, झाडाआड एक काळी आकृती दिसते. ती बघून ‘आठ फूट तरी असेल’ असं सगळे म्हणतात. मग ही तुकडी त्याच जागी जायची, कॅमेरा त्याच ठिकाणी लावायची आणि आपल्यातल्या सर्वांत उंच गड्याला त्याच झाडापाशी उभं करायची. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की कित्येकदा आठ फुटांचा राक्षस साध्या माणसाच्या मापात यायचा. माझा भाचा नऊ वर्षांचा असताना हे बघून गॅलरीत गेला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी उभं होतं. ‘मावशी, तिथली टाकी किती उंच असेल? म्हणजे तो माणूस किती उंच ते काढता येईल.’ दुसऱ्या दिवशी दोघं गच्चीवर जाऊन टेपने टाकी मोजून आलो.

रानात टॉर्चच्या उजेडात दोन हिरवे डोळे चमकले की तुकडीतलं कुणीतरी दचकतंच. भाच्याला आता ठाऊक आहे की हरणाच्या, मांजराच्या डोळ्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. डोळे चमकले की तो ‘हरीण’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा हरीणच निघतं.

‘अंधश्रद्धा वाढते.’ हा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, महाराष्ट्रात तर फारच. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्या वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याचं आहे: त्या नावाखाली माणसाला दोरखंडाने वा साखळीने बांधणं, काठीने, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी अंगावर घडलेलं आहे.

आता बघा, त्या बुवाचं आणि टीव्हीवरच्या तुकडीचं वागणं किती उलटं आहे. बुवा म्हणतो, ‘भूत आहे, मला दिसतंय, तुम्ही विचारू नका.’ तुकडी म्हणते, ‘म्हणतात की आहे, चला बघू.’ मग ती रात्रभर जागते, यंत्रं लावते आणि पहाटे रिकाम्या हाताने गाडीत बसते. माझं आजोळ कोकणातलं. तिथे चकवा, मुंजा, हडळ, देवचार यांच्या गोष्टी जेवणातल्या आमटीइतक्या रोजच्या. ‘त्या पऱ्याकडे (ओढ्याकडे) तिन्हीसांजेनंतर जायचं नाही’ एवढंच आम्हांला सांगितलं जायचं. जाऊन बघायचं असतं, ही कल्पनाच आमच्या लहानपणी नव्हती. आजीला म्हातारपणी मी असला एक भाग दाखवला. पडक्या किल्ल्यात रात्र काढून माणसं सकाळी धडधाकट बाहेर आली, तेव्हा ती म्हणाली, ‘काय नाय झालां त्यांका?’ ती बराच वेळ विचारात होती.

भुताच्या शोधातून काय हाती लागू शकतं, याचं माझं लाडकं उदाहरण टीव्हीवरचं नाही. विक टँडी हे इंग्लंडमधले अभियंता एका प्रयोगशाळेत रात्री एकटेच काम करत होते. घाम फुटला, कुणीतरी बघतंय असं वाटलं, नजरेच्या कडेला एक करडी आकृती आली आणि वळून बघताच गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठीचं पातं घट्ट धरणाऱ्या लोखंडी पकडीत लावून ठेवलं होतं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. त्यांनी कारण शोधलं. नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी घुमत होता. पंख्याच्या बसवणीत बदल केला आणि तो त्रास थांबला. १९९८ मध्ये त्यांनी यावर निबंध छापला. प्रत्येक भुताचं उत्तर पंखा नसतं. पण टँडी घाबरून पळाले असते तर ती प्रयोगशाळा कायमची ‘झपाटलेली’ ठरली असती.

मात्र एक अट मी घालते. जिवंत माणसाला, विशेषतः आजारी बाईला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘हिला लागलंय’ म्हणणारा कार्यक्रम दिसला की तो करमणूक नाही. तो बंद करा, तक्रार करा, मी तुमच्यासोबत आहे.

‘जग बघायचं तर प्रवासाचे कार्यक्रम बघा.’ तेही बघते. पण त्यांत बहुधा दिवस असतो, ऊन असतं आणि बाजारातला पदार्थ चाखून ‘वा’ म्हणणारा सूत्रधार असतो. राक्षस शोधायला गेलेल्या माणसाला गावकऱ्यांशी बोलावंच लागतं. बिगफूटवाले प्रत्येक गावात सभा भरवायचे. शेतकरी, ट्रकचालक, शिकारी, शाळेतल्या बाई उठून आपण काय बघितलं ते सांगायचे. बिगफूट असो-नसो, त्या गावचं रान, तिथली कामं, तिथली भीती त्या अर्ध्या तासात कळते. जॉश गेट्सचा ‘डेस्टिनेशन ट्रुथ’ हा असाच शोधाचा कार्यक्रम २००७ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात नदीकाठी पावलांचे ठसे शोधत गेला. मला त्यातले ठसे आठवतात त्याहून ती थंडी आठवते.

त्याच मालिकेने चेर्नोबिलशेजारच्या प्रिप्यातमध्ये भुतं शोधली, तो भाग मात्र मला खटकला. १९८६ मध्ये अणुभट्टीच्या स्फोटानंतर एका दिवसात रिकामं झालेलं ते शहर, तिथला थांबलेला आकाशपाळणा, मुलांच्या शाळा. तिथे भूत कशाला हवं होतं?

आणि हिलरींची मोहीम विसरू नका. १९६०-६१ मध्ये एडमंड हिलरी एका ज्ञानकोश-प्रकाशकाच्या पैशाने यती शोधायला नेपाळात गेले. तिथल्या खुमजुंग गावच्या मठातली ‘यतीच्या डोक्याची केसाळ कातडी’ त्यांनी तपासणीसाठी मागून घेतली. तिच्यासोबत गावातले एक वडीलधारे गृहस्थ शिकागो, पॅरिस, लंडनपर्यंत गेले. ती सेरो नावाच्या रानबकरीसारख्या प्राण्याच्या कातडीची निघाली. ती परत मठात आली, अजून तिथेच आहे. १९६१ मध्ये हिलरींनी खुमजुंगमध्ये शाळा बांधली, आणि ती आजही भरते.