प्रशिक्षण दिलं, पण काम कुणी दिलं?

व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये एक मजकूर सारखा पुढे ढकलला जातो. शब्द थोडेफार बदलतात, आशय एकच असतो: सरकार तृतीयपंथीयांना शिवणकाम, पार्लर असं सगळं फुकट शिकवतं, पण त्यांना कष्ट नकोत. सिग्नलवर टाळी वाजवून पैसे मिळतात, मग काम कशाला करतील? अर्ध्यात कोर्स सोडून पळतात. आता कायदाही झाला आहे, अडवतंय कोण? तेव्हा करदात्यांचा पैसा वाया घालवणं थांबवा.

हा मजकूर पाठवणारे सगळे दुष्ट नसतात. सिग्नलवर गाडीच्या काचेवर थाप पडली की अनेकांना भीती वाटते, राग येतो. कुणी जबरदस्तीने पैसे उकळत असेल तर त्या व्यक्तीविरुद्ध तक्रार व्हायलाच हवी. पण त्या रागातून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत.

"त्यांना कष्ट नकोत." मंगती, म्हणजे सिग्नलवर आणि दुकानांत पैसे मागणं, हा आराम असतो असं समजणाऱ्याने ती एक दिवस जवळून पाहावी. भर उन्हात सिग्नलवर उभं राहायचं, दुकानामागून दुकान मागत फिरायचं, शिव्या ऐकायच्या, पोलीस कधी उचलतील याची धास्ती बाळगायची. महाराष्ट्रात १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. नागपूर पोलिसांनी २०२३मध्ये आणि पुणे पोलिसांनी २०२४मध्ये तृतीयपंथीयांच्या पैसे मागण्यावर खास बंदी आदेश काढले. जमलेल्या पैशांतला वाटा अनेक ठिकाणी गुरूकडे, म्हणजे ज्यांच्या आसऱ्याला राहतात त्या ज्येष्ठ तृतीयपंथीयाकडे जातो. आजारी पडलं तर कमाई बंद, म्हातारपणी काहीच नाही.

आणि काम मागायला कुणी जात नाही, हे तर साफ खोटं आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या अर्जात २०२२पर्यंत स्त्री आणि पुरुष एवढेच दोन रकाने होते. भरतीला उतरू इच्छिणाऱ्या तृतीयपंथी उमेदवारांनी 'मॅट'मध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागितली. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं, तर राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. त्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर सरकार तयार झालं. कष्टाची नोकरी मिळावी म्हणून नव्हे, नुसता अर्ज भरता यावा म्हणून ही माणसं कोर्टात गेली होती. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेने सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (स्वच्छतेचे नियम पाळले जातात का हे पाहणारे) म्हणून तृतीयपंथीयांना कामावर घेतलं, आणि ते काम करायला माणसं मिळाली.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगासाठी दिल्ली आणि उत्तर प्रदेशात झालेल्या २०१७च्या अभ्यासात ९६ टक्के तृतीयपंथीयांनी सांगितलं की त्यांना नोकरी नाकारली गेली आणि कमी पैशाचं किंवा मानहानीचं काम पत्करावं लागलं. नाकारलं कुणी, हे त्या आकड्यातच आहे.

"अर्ध्यात सोडून पळतात." या मुद्द्यावर मला जास्त थांबायचं आहे, कारण यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो. काही जण सोडतात. पण का सोडतात?

कोची मेट्रोचं उदाहरण घ्या. जून २०१७मध्ये ही मेट्रो सुरू झाली तेव्हा कुटुंबश्री या केरळ सरकारच्या महिला बचतगटांच्या अभियानामार्फत २३ तृतीयपंथीयांची निवड झाली होती. रीतसर प्रशिक्षण, तिकीट खिडकीपासून सफाईपर्यंत ठरलेलं काम, ठरलेला पगार. देशभर कौतुक झालं. पहिल्या काही आठवड्यांतच त्यांतल्या आठ जणांनी काम सोडलं. कामाचा कंटाळा आला म्हणून नाही. शहरात त्यांना कुणी भाड्याने खोली देईना. लॉजवर राहायचं तर रोजचं भाडं त्या पगारात बसेना. प्रशिक्षण होतं, नोकरी होती, गणवेश होता, पण रात्री पाठ टेकायला छप्पर नव्हतं.

आपल्याकडच्या कोर्सचं गणित याहून अवघड असतं, कारण तिथे नोकरीही ठरलेली नसते. तीन महिने सकाळी दहा ते पाच वर्गात बसायचं, तर तेवढे दिवस मंगती बंद. खोलीचं भाडं, जेवण, डोक्यावरचं कर्ज कुठून भागवायचं? विद्यावेतन नसेल किंवा उशिरा येत असेल तर शिकणारी व्यक्ती दुसऱ्या महिन्यात सिग्नलवर परतणारच. घरच्यांच्या आधारावर शिकणारी मुलं तीन महिने काढू शकतात. वर सांगितलेल्या अभ्यासात आईवडिलांसोबत राहणारे तृतीयपंथी जेमतेम दोन टक्के होते.

शिवाय कागद. घर सोडताना दहावीची गुणपत्रिका कोण बरोबर घेतं? आणि असली तरी तिच्यावर जुनं नाव, जुना फोटो. २०११च्या जनगणनेत लिंगाच्या 'इतर' या रकान्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. त्यांच्यात साक्षरता ५६ टक्के, तर देशाची ७४. अनेकांची शाळा चिडवण्यामुळे, मारहाणीमुळे सुटलेली असते. आयटीआयच्या अनेक ट्रेडना दहावी लागते, काहींना आठवी. ती अट ठेवून पुन्हा 'आयटीआयला का येत नाहीत' असं विचारण्यात अर्थ नाही.

"कायदा झाला, आता अडवतंय कोण?" तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 'नालसा' निकाल १५ एप्रिल २०१४चा, आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९चा. त्याचं नववं कलम नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतं. पण शिक्षेचं जे अठरावं कलम तेव्हा केलं गेलं, त्यात नोकरी नाकारल्याबद्दल वेगळी शिक्षाच ठेवली नाही. मालकाने 'जागा भरली' म्हटलं की विषय संपला.

जेन कौशिक यांचं उदाहरण यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या शिकलेल्या, प्रशिक्षित तृतीयपंथी शिक्षिका. उत्तर प्रदेशातल्या एका शाळेने त्यांना काही दिवसांतच काढलं, गुजरातमधल्या दुसऱ्या शाळेने नोकरी देऊ करून, ओळख कळल्यावर रुजूच करून घेतलं नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई देववली आणि समान संधीचं धोरण आखण्यासाठी समिती नेमली. बी.एड. झालेल्या बाईला हे सोसावं लागतं, तर तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर दार उघडेल, ही अपेक्षा कुठल्या आधारावर करायची?

शिवणकाम आणि पार्लर हेच त्यांना जमतं, हा समजही या मजकुरात गृहीत धरलेला आहे, आणि दुर्दैवाने तो कोर्स आखणाऱ्यांच्याही डोक्यात असतो. काहींना ते काम मनापासून आवडतं, त्यांनी जरूर करावं. पण ज्या गल्लीत आधीच चार पार्लर आहेत तिथे पाचवं कसं चालेल? टाटा स्टीलने डिसेंबर २०२१मध्ये झारखंडच्या वेस्ट बोकारो खाणीत १४ तृतीयपंथीयांना अवजड यंत्रं चालवण्यासाठी घेतलं. नागपूरच्या लोक अदालतीत २०१८मध्ये तृतीयपंथी विद्या कांबळे पॅनेलवर बसल्या. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७मध्ये तृतीयपंथी ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच निवडलं. आणि ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेले पण पुरुष म्हणून जगणारे? ते तर या चर्चेत कुणाला आठवतही नाहीत. ते सिग्नलवर दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोर्स आखायचंही कुणाच्या मनात येत नाही.

राहिला करदात्यांचा पैसा. तृतीयपंथीयांनाही सामावणारी केंद्राची 'स्माईल' योजना फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाली. तिच्यात कौशल्य प्रशिक्षण आहे आणि 'गरिमा गृह' नावाचे निवारेही आहेत. निवारा आणि प्रशिक्षण एकत्र, हा विचार अगदी योग्य आहे. कोचीत नेमकं तेच नव्हतं. म्हणून खर्चाचा हिशोब मागायचा असेल तर जरूर मागा, मीही मागतो. फक्त किती जणांना प्रमाणपत्रं वाटली एवढ्यावर थांबू नका. किती जणांना वेळेवर विद्यावेतन मिळालं? कोर्स सुरू होण्याआधी किती कंपन्यांनी लेखी जागा कबूल केल्या? किती जणांची कागदपत्रं नव्या नावाने झाली? आणि कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी किती जण त्याच कामावर होते, राहायला कुठे होते? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयात तो टाका.