राज्यसभेवर जायचंय? आधी नीट पडायला शिका

लोकसभेला पडलात? अभिनंदन.

निकालाच्या रात्री कार्यकर्ते हळूहळू पांगतात, मंडपवाला बिल घेऊन उभा राहतो, गुलालाची पोती न फोडताच दुकानात परत जातात, आणि माणसाला वाटतं की संपलं सगळं. काही संपलेलं नाही. दिल्लीचा रस्ता मतदारसंघातून जातो, ही समजूत शाळेतल्या नागरिकशास्त्राने करून दिलेली. महाराष्ट्राच्या वाट्याला राज्यसभेच्या १९ जागा आहेत, आणि त्यांतल्या एकीसाठीही वाड्यावस्त्यांवर हिंडावं लागत नाही, अनोळखी लग्नांत अक्षता टाकाव्या लागत नाहीत, की दहाव्याला नदीकाठी उभं राहून न पाहिलेल्या माणसाबद्दल भाषण ठोकावं लागत नाही. वयाची तिशी उलटलेली हवी. बाकी सगळं वरून होतं.

मात्र पडायचं कुणाकडून, हे आधी ठरवा. सातारा-कऱ्हाडकडचे असाल तर भाग्यवान आहात. १९९९ मध्ये कऱ्हाड लोकसभेला पृथ्वीराज चव्हाण पडले, श्रीनिवास पाटलांकडून. २००२ मध्ये ते राज्यसभेवर गेले, पुढे पंतप्रधान कार्यालयात मंत्री झाले आणि २०१० मध्ये तर थेट मुख्यमंत्री होऊन मुंबईत उतरले. २०१९ च्या मे महिन्यात उदयनराजे भोसले साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. आता हे खरं तर चुकलंच होतं. पण त्यांनी वेळीच सुधारणा केली: राजीनामा दिला, पक्ष बदलला, ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लढवली आणि पडले. कुणाकडून? श्रीनिवास पाटलांकडूनच. पुढच्याच वर्षी राज्यसभा. एका माणसाकडून पडण्याला इतका परतावा मिळालेला माझ्या तरी ऐकिवात नाही. बँकेतल्या मुदत ठेवीनेसुद्धा लाजावं.

लातूरचं उदाहरणही तोंडपाठ करून ठेवा. शिवराज पाटील चाकूरकर तिथून ओळीने सात वेळा निवडून आले होते. २००४ मध्ये मतदारांनी त्यांना गृही पाठवलं, तर पक्षाने गृहमंत्री केलं. सभागृहाचं सदस्यत्व मागाहून, राज्यसभेतून. मनोहर जोशी त्याच निवडणुकीत मुंबईत पडले, तेही लोकसभेचे अध्यक्ष असताना. २००६ मध्ये ते राज्यसभेत होते. धनंजय महाडिक २०१९ मध्ये कोल्हापुरात पडले, २०२२ मध्ये खासदार. लोकसभेलाच पडलं पाहिजे असा काही हट्ट नाही. चंद्रकांत हंडोरे जून २०२२ मध्ये विधान परिषदेला पडले, तेही पक्षाचे पहिल्या पसंतीचे उमेदवार असताना. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेवर बिनविरोध. मेधा कुलकर्णींना तर पडावंसुद्धा लागलं नाही. २०१९ मध्ये कोथरूडचं तिकीट कापलं गेलं, तेवढ्यावर भागलं. पण हा मार्ग सबुरीचा आहे. तिकीट कापल्यावर पत्रकार परिषद घ्यायची नाही, अपक्ष अर्ज भरायचा नाही, पाच वर्षं हसत राहायचं. तुम्हाला जमेलसं वाटत नाही.

एक नाव घेताना मात्र चेष्टा आवरावी लागते. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. ज्यांनी मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, त्यांना त्याच संविधानाखालच्या पहिल्या निवडणुकीत आपण पाडलं. मग त्याच वर्षी मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले आणि १९५६ मध्ये गेले तेव्हाही त्या सभागृहाचे सदस्य होते. पुढे १९७० मध्ये समाजवादी नेते नानासाहेब गोरे आले. बहुमत ज्याच्यामागे नाही पण ज्याचं ऐकून घेतलं पाहिजे, अशा माणसाला आत घेण्यासाठी हे दार ठेवलेलं होतं. दार तेच आहे. बिजागऱ्यांना आता तेल भरपूर मिळतं, इतकंच.

आता दुसरा प्रश्न तुम्ही विचारणारच: ‘मी महाराष्ट्राचा असायला हवा का?’

नावात ‘राज्य’ आहे म्हणून लोक फसतात. १९५१ च्या कायद्यात तशी अट होती खरी. ज्या राज्यातून जायचं, तिथल्या मतदारयादीत नाव हवं. त्या काळी मोठ्या माणसांची फार अडचण होई. दूरदूरच्या गावी भाड्याने घरं घ्यावी लागत. डॉ. मनमोहन सिंग पाच वेळा आसाममधून गेले, ते गुवाहाटीत आसामचे मुख्यमंत्री राहिलेल्या हितेश्वर सैकियांच्या घरचे भाडेकरू म्हणून. अर्थशास्त्रज्ञाला हा नाहक खर्च. २००३ मध्ये संसदेने ही कटकटच काढून टाकली: देशात कुठेही मतदार असा, कुठल्याही राज्याचे प्रतिनिधी व्हा. पत्रकार कुलदीप नय्यर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, यात घटनेला धक्का लागत नाही. संपलं. तेव्हापासून राज्य हे रेल्वेच्या आरक्षणातल्या ‘बोर्डिंग स्टेशन’सारखं झालं आहे. जिथून गाडीत जागा मिळते, तिथून चढायचं.

म्हणून चिदंबरम २०१६ मध्ये महाराष्ट्रातून चढले. केरळचे व्ही. मुरलीधरन २०१८ मध्ये, उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी २०२२ मध्ये. नजमा हेपतुल्ला १९८० पासून लागोपाठ चार वेळा महाराष्ट्राच्या होत्या, मग राजस्थानच्या झाल्या, मग मध्य प्रदेशच्या. आणि मराठी माणसाने यावर गळा काढू नये, कारण आपलीही माणसं बाहेर नांदली आहेत. कोकणातले सुरेश प्रभू आधी हरियाणाचे प्रतिनिधी होते, मग आंध्र प्रदेशचे. प्रकाश जावडेकर महाराष्ट्रातून गेले, मधली चार वर्षं मध्य प्रदेशचे होऊन राहिले, २०१८ मध्ये माहेरी परत. राहता राहिला मराठी माणसाचा पक्ष. त्याने प्रीतीश नंदी पाठवले, संजय निरुपम पाठवले, प्रियंका चतुर्वेदी पाठवल्या. दिल्लीत मराठी बाणा दाखवायचा तर समोरच्याला कळेल अशा भाषेत दाखवायला नको का?

थोडा इतिहासही पाठ असू द्या, सत्काराच्या भाषणात लागतो. १९५२ मध्ये मुंबई राज्याच्या १७ जागा होत्या. १९५६ च्या द्विभाषिक राज्यात त्या २७ झाल्या. १ मे १९६० ला घर वाटून घेतलं तेव्हा आपल्याकडे १९ आल्या आणि गुजरातकडे ११. बेरीज करून पाहा: ३० होते. भावकीत वाटणी झाली आणि जमीन तीन गुंठ्यांनी वाढली, असं हे एकमेव प्रकरण. त्या जागांवर कुणी बसायचं हा मुद्दा तेव्हा वाटणीपत्रात घालायचा राहून गेला.

आता गणित. घाबरू नका, सोपं आहे. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आपल्या १९ जागा म्हणून सात, सहा, सहा अशा रिकाम्या होतात. मतदार म्हणजे विधानसभेचे आमदार, एकूण २८८. सात जागांच्या वेळी पहिल्या पसंतीची ३७ मतं पुरतात, सहा जागांच्या वेळी ४२. म्हणजे एक एसटी भरली की तुम्ही खासदार. लोकसभेला लाखांनी मतं लागतात आणि तरी भरवसा नाही. इथे वऱ्हाडाची एक गाडी. शिवाय कुठल्या गाडीत कुणी बसायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात, तुम्ही फक्त नवरदेवासारखं उभं राहायचं.

पूर्वी या वऱ्हाडात फितूर होण्याची भीती असे. १९९८ मध्ये मतदान गुप्त होतं. देशाचे माजी गृहसचिव राम प्रधान काँग्रेसचे अधिकृत उमेदवार असून पडले, कारण स्वतःच्याच एसटीतले काही प्रवासी मधल्या स्टॉपवर उतरले. २००३ च्या त्याच दुरुस्तीने यावर उपाय केला. आता आमदाराने मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे लिहायचे, ते स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचे आणि मग पेटीत टाकायचं. जगात इतरत्र मत दाखवलं तर बाद होतं. इथे न दाखवलं तर. पेन निवडणूक आयोगाचं, जांभळं. हे पेनाचं लचांड हरियाणामुळे लागलं. २०१६ मध्ये तिथे भलत्याच पेनामुळे डझनभर मतं बाद झाली आणि एक सरळ निवडणूक उलटली.

तरीही जून २०२२ विसरू नका. सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी दोन कोल्हापूरकर समोरासमोर, महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. आमदारांना पंचतारांकित हॉटेलांत ठेवलं. का, तर एकमेकांचा सहवास लाभावा. दोन आमदार तुरुंगात होते, त्यांना न्यायालयाने मतदानाला सोडलं नाही. १० जूनला मतदान झालं आणि मत कुणी कुणाला किती अंतरावरून दाखवलं, यावर रात्रभर तक्रारी चालल्या. शेवटी एक मत बाद, आणि निकाल ११ जूनच्या पहाटे. पवार पडले. आमदारांना मात्र बसने एकत्र जाण्याची सवय चांगलीच लागली असावी. २० जूनला विधान परिषदेचं मतदान आटोपलं आणि त्यातले बरेच जण त्याच रात्री सुरतेला निघाले. पुढचं सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे.

तेव्हा लढतीच्या भानगडीत न पडणं उत्तम. जितक्या जागा तितकेच अर्ज, हे खरं सौंदर्य. २०१८ बिनविरोध, २०२० बिनविरोध, २०२४ बिनविरोध. एरवी विधानसभेत एकमेकांवर कागद भिरकावणारे पक्ष या एका दिवशी असे शहाण्यासारखे वागतात की ऊर भरून येतो. राहता राहिली विचारधारेची अडचण, तर ती वेळेच्या नियोजनाची बाब आहे. अशोक चव्हाणांनी १२ फेब्रुवारी २०२४ ला काँग्रेस सोडली, १३ ला भाजपमध्ये प्रवेश केला, १४ ला उमेदवारी जाहीर झाली. तीन दिवस. मिलिंद देवरांनी जानेवारीतच पक्ष बदलला होता. एवढी घाई करायची गरज नव्हती, असं आता मागे वळून पाहताना वाटतं.

आणि एकदा जागा मिळाली म्हणजे सहा वर्षं निवांत, असंही समजू नका. प्रफुल्ल पटेलांकडे पाहा. २०२२ मध्ये निवडून आले, मुदत २०२८ पर्यंत. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा अर्ज भरला आणि खासदार असताना खासदार झाले. जुनी जागा मोकळी झाली. त्या जागेवर जूनमध्ये कोण आलं? लोकसभेला बारामतीत पडलेल्या उमेदवार. निकाल ४ जूनला, बिनविरोध निवड १८ जूनला. अवघ्या दोन आठवड्यांत. पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाची फाइल ज्या टेबलावर असते, तिथे हा वेग एकदा पाठवून द्यायला हवा.

अमेरिकेत सिनेटर निवडण्याचं काम पूर्वी असंच तिथल्या राज्यांच्या विधिमंडळांकडे होतं. लाचलुचपत आणि महिनोनमहिने रिकाम्या राहणाऱ्या जागांना कंटाळून त्यांनी १९१३ मध्ये घटना बदलली आणि मतदान लोकांकडे दिलं. उतावळे लोक. जागा रिकामी ठेवू नये, हा साधा उपाय त्यांना सुचला नाही.

निवडून आल्यावर वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी मिळेल. लोकसभेच्या खासदाराला तो मुख्यतः आपल्या मतदारसंघातच खर्चावा लागतो; तुम्हाला राज्यातला कुठलाही जिल्हा मोकळा. गडचिरोलीला द्यावा, नंदुरबारला द्यावा, असं काहीबाही मनात येईल. येऊ द्या. मग जिथे पडलात त्याच तालुक्यात हायमास्ट दिवे लावा, सभामंडप बांधा, स्मशानभूमीला पत्रे टाका. प्रत्येक कामावर नाव घाला. चौकातल्या फ्लेक्सवर ‘खासदार’ मोठ्या अक्षरांत. ‘राज्यसभा’ लिहायचंच असेल तर खाली, छापखान्याच्या नावाएवढं. उदयनराजे असेच राज्यसभेतून २०२४ मध्ये साताऱ्याला परतले आणि लोकसभेवर निवडून आले. त्यांची आणि असेच लोकसभेवर गेलेल्या पीयूष गोयल यांची, अशा दोन जागा त्यामुळे मोकळ्या झाल्या. ऑगस्टमध्ये त्याही बिनविरोध भरल्या.

तुमचा नंबर तेव्हा लागला नाही, कारण तुम्ही अजून पडलेलाच नव्हता. आता पडलात ना? मग मंडपवाल्याचं बिल चुकतं करा. पुढच्या वेळी त्याच्याचकडून मंडप घ्यायचाय, सत्काराचा.