‘सहा महिन्यांत कुलूप लागेल’ या कमेंटला उत्तर

नमस्कार, गावानं स्वतः चालवायच्या रेडिओवरच्या, म्हणजे सामुदायिक रेडिओवरच्या माझ्या पोस्टखाली एवढी मोठी कमेंट टाकलीत त्याबद्दल आधी आभार, अंगठा दाखवून पुढे जाणारे पुष्कळ असतात, भांडायला बसणारे कमीच. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्वयंसेवकांच्या जिवावर काढलेलं केंद्र सहा महिन्यांत बंद पडतं, तसं एक बंद पडलेलं तुम्ही स्वतः पाहिलंय. एफएम तसंही आता कोणी ऐकत नाही, नॉर्वेनं तर गाशा गुंडाळला, त्यात सामुदायिक रेडिओ म्हणजे ‘शंभर वॅटचं खेळणं’, त्यापेक्षा यूट्यूब चॅनल आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, फुकटात होईल. आणि जाता जाता ‘हौशी लोकांची बडबड ऐकणार कोण’ हा टोला.

नॉर्वेचं आधी उरकून टाकतो. तिथे २०१७ मध्ये एफएमवरून गेली ती देशभर ऐकू जाणारी मोठी केंद्रं, ती डिजिटलवर गेली. छोटी स्थानिक केंद्रं बहुतेक एफएमवरच राहिली. म्हणजे साक्षीदार तुम्ही आणलात आणि साक्ष माझ्या बाजूने दिली त्याने!

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको असं मी कुठेच म्हटलं नाहीये. लोकांचे आवाज गोळा करायला व्हॉइस मेसेजइतकं सोपं दुसरं काही नाही, ज्या बाईला स्टुडिओत यायला संकोच वाटतो ती घरून दोन मिनिटं मस्त बोलून पाठवते. प्रश्न आहे पोचवण्याचा. मोठं वादळ झालं, पूर आला, वीज गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत मान टाकतात आणि नेमकं तेव्हाच लोकांना माहिती हवी असते. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमध्ये ठिकठिकाणी तात्पुरती आपत्ती-एफएम केंद्रं उभी केली होती, आता जपान काही मोबाइलमध्ये मागासलेला देश नव्हे. हां, एक मुद्दा मात्र तुमचा बिनतोड आहे, नव्या स्मार्टफोनमधून एफएम गायब होत चाललंय आणि ज्यांत आहे त्यांना वायरचा हेडफोन लावावा लागतो कारण ती वायरच अँटेना असते. भारत सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना एफएम चालू ठेवा म्हणून सूचना दिली होती, पण सूचना ती सूचनाच. म्हणून केंद्र काढणाऱ्यांनी आधी घरोघरी जाऊन बघावं की ऐकायला नक्की काय आहे, बटणाचा फोन, जुना रेडिओ, गाडीतला रेडिओ, का काहीच नाही. हे न बघता ट्रान्समीटरची ऑर्डर देणाऱ्यांना तुम्ही खुशाल नावं ठेवा, मी पण ठेवतो.

शंभर वॅटचं म्हणाल तर भारतातला नियमच तसा आहे, साधारण शंभर वॅट आणि जमिनीपासून तीस मीटरपर्यंत अँटेना. सपाट भागात त्यावर दहा-पंधरा किलोमीटर आरामात जातं. एफएमला पॉवरपेक्षा उंची लागते हो, कारण ते सरळ रेषेत चालतं, मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायचं तर पॉवर चौपट लागते आणि मध्ये डोंगर आला की चौपट करूनही फार काही हाती लागत नाही. योग्य जागी उभी केलेली अँटेना शंभर वॅटमध्ये जे करते ते चुकीच्या जागी पाचशे वॅटला जमत नाही.

आता मुख्य भांडण, स्वयंसेवक. गळतात, शंभर टक्के गळतात, पण का गळतात ते तुमच्या कमेंटमध्ये नाही. बहुतेक ठिकाणी उद्घाटनाच्या दिवशीचा उत्साह बघून वेळापत्रक ठरवतात. पाहुणे आले, फीत कापली, कोणीतरी माइकवरून जाहीर केलं की रोज बारा तास प्रसारण, टाळ्या. अरे पण ते बारा तास भरणार कोण! बोलक्या कार्यक्रमाच्या एका तासामागे विषय ठरवणं, माणूस गाठणं, रेकॉर्डिंग, खोकले आणि ‘अं अं’ कापणं धरून चारेक तास सहज जातात. रोज एकच तास नवा कार्यक्रम द्यायचा म्हटलं तरी आठवड्याला अठ्ठावीस तासांचं काम झालं. एक माणूस आठवड्याला तीन तास देईल असं धरा, त्याहून जास्त धरूच नका, तर दहा जण लागतात, आणि पेरणी, काढणी, परीक्षा, लग्नं, आजारपणं धरली तर यादीत पंधरा नावं हवीत. हे फक्त एका तासाचं! बारा तासांचं गणित तुम्हीच करा. ते न झेपता तिसऱ्या महिन्यात चौघांच्या गळ्यात सगळं येतं, ते चौघं वैतागतात, बाकीच्यांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून ते येतच नाहीत आणि मग आपण म्हणतो लोकांमध्ये सेवाभावच उरला नाही.

माझं पहिलं म्हणणं असं की केंद्र थोड्या तासांचं काढा. संध्याकाळी एक तास नवा, सकाळी तोच परत, सकाळचे ऐकणारे वेगळे असतात, कोणाची तक्रार येत नाही. पण तो तास चुकवायचा नाही. लोकांना साडेसहाला रेडिओ लावायची सवय लागली की अर्धी लढाई जिंकली आणि चार दिवस नुसती खरखर ऐकू आली की ती सवय मोडते, मग परत लावायला फार वेळ जातो. आणि पहिल्या प्रसारणाआधी निदान महिनाभर पुरेल एवढं रेकॉर्डिंग तयार ठेवा. तेलंगणातल्या संगम रेडिओचं उदाहरण घ्या, गावातल्या दलित बायकांनी चालवलेलं केंद्र. हवेत गेलं २००८ मध्ये, पण लायसन्सची वाट बघताना त्या कित्येक वर्षं कार्यक्रम रेकॉर्ड करून बैठकांमध्ये कॅसेट लावून ऐकवत होत्या. प्रसारणाचा लाल दिवा लागला तेव्हा हात बसलेला होता.

दुसरं, सगळ्यांना माइक द्यायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? कोलंबियात १९४७ मध्ये सुतातेन्सा नावाच्या खेड्यात एका तरुण पाद्र्याने रेडिओ सुरू केला, त्यावरून शेतकऱ्यांना लिहा-वाचायला शिकवायचे. त्याचे स्वयंसेवक माइकसमोर नव्हतेच, ते वस्तीवस्तीत आपल्या घरी रेडिओभोवती शेजाऱ्यांना जमवून धडे करून घ्यायचे. ऐकवणारी माणसंसुद्धा केंद्राचीच माणसं.

आणि तिसरं जे कोणी बोलत नाही, कंटाळवाणी कामं. पावसाळ्यात टॉवरवरच्या केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. लगेच काही होत नाही, हळूहळू अँटेनाकडून परत येणारी पॉवर वाढते, मीटरवर तिचं माप, म्हणजे एसडब्ल्यूआर, चढलेलं दिसतं आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आपणहून पॉवर कमी करतो. स्टुडिओत सगळं ठणठणीत, हेडफोनमध्ये आवाज सुरेख आणि पाच किलोमीटरवरच्या माणसाला नुसती खरखर. उपाय किरकोळ आहे, कनेक्टरला रबरी टेप ताणून गुंडाळायचा, केबल खोलीत शिरायच्या आधी तिला खाली एक झोल सोडायचा म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं, आणि मीटरचा आकडा रोज वहीत लिहायचा. पण हे करणार कोण? बोलायला सगळे तयार, मीटर बघायला कोणी नाही. म्हणून मी म्हणतो एक तरी माणूस पगारी ठेवा, तोही शक्यतो तांत्रिक आणि रोस्टर, म्हणजे कोणाची पाळी कधी ते सांभाळणारा. स्वयंसेवी म्हणजे कोणालाच पैसे द्यायचे नाहीत हा अर्थ कुठून आला देव जाणे. जाहिरातीचे, वर्गणीचे, देणगीचे जे काही येतील त्यातला पहिला वाटा या माणसाचा आणि विजेच्या बिलाचा, रंगरंगोटी नंतर.

हौशी बडबडीचं काय सांगू. भारतात सामुदायिक रेडिओचे निदान निम्मे कार्यक्रम तिथल्या लोकांना घेऊन करायचे असा नियमच आहे, तेव्हा शहरी निवेदकाचा घोटीव आवाज इथे मुळात अपेक्षितच नाही. वाईट रेकॉर्डिंग मात्र ऐकवत नाही, ते मान्य. त्यातलं बरंचसं पंखा बंद करून, माइक तोंडापासून वीतभर ठेवून आणि भिंतींना जाड पडदे लावून सुटतं. अंड्याचे ट्रे लावू नका, त्याने बाहेरचा ट्रॅक्टर थांबत नाही आणि वर आग लागली तर भडका.

आता तुम्ही पाहिलेल्या त्या बंद केंद्राबद्दल जरा सविस्तर लिहा ना. रोज किती तास चालायचं, पगारी कोणी होतं का, आणि आधी काय गेलं, माणसं, पैसे का सिग्नल?