टाकाऊ, पण नवं कोरं

परवा ताईने फोटो पाठवला. भाच्याच्या शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा होती. त्यासाठी तिने स्टेशनरीच्या दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं पाकीट, चमकीची फोम शीट आणि ग्लू गन आणली. खर्च चारशेच्या घरात. सगळ्यात टाकाऊ म्हणावं असं एकच, दुकानाचं बिल. रात्री साडेअकरापर्यंत बसून तिने पवनचक्की केली, तोवर भाचा गाढ झोपलेला. पहिला नंबर आला. भाच्याचा.

त्यावरून घरच्या ग्रुपवर वाद पेटला. काका म्हणाले, मुळात चिनी खेळण्यांनी वाट लावली. सरकारने आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं, 2023 मध्ये 70 केलं, 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्का सक्तीचा केला, ते बरंच झालं. मामेभाऊ म्हणाला, मग सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्या की. आत्याला करवंट्या आणि चिंचोके आठवले. मी इथे श्टुटगार्टमध्ये भांडी घासत हे सगळं वाचत होतो. कुठलं खेळणं विकत घ्यावं यावर पन्नास मेसेज पडले, पण पवनचक्कीची कात्री कुणाच्या हातात होती, हे कुणीच विचारलं नाही.

जर्मनीत याबाबतीत सगळं आलबेल आहे असं म्हणणार नाही. पुठ्ठ्याच्या नळ्या, अंड्यांचे ट्रे आणा अशी चिठ्ठी बालवाडीतून येते, हे खरं. पण हस्तकलेच्या दुकानात त्याच स्वच्छ, पांढऱ्या नळ्या पाकिटात घालून विकतातही. लाकडी खेळण्यांच्या किमती बघून माझे डोळे पांढरे होतात. तरी एक गोष्ट मला इथे शिकायला मिळाली, ती कंदिलाची.

11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस. संध्याकाळी पोरं कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. त्याआधी बालवाडीत कंदील करायला आईबाबांना बोलावतात. कॅमेंबेर चीजची गोल पुठ्ठ्याची डबी तळाला, वर पारदर्शक कागदाची नळी, तारेची कडी आणि काठी. आत मेणबत्तीऐवजी आता बॅटरीचा छोटा दिवा. पहिल्या वर्षी मी कागद पट्टीने मोजून कापायला घेतला, तर बाईंनी हसतमुखाने माझ्यापुढून कात्री उचलली आणि मुलीपुढे ठेवली. मुलगी चार वर्षांची. तिने कागद इतका वाकडा कापला की एका बाजूने डबीच दिसत होती. माझे हात शिवशिवत होते. शेजारचा बाबा, पेशाने इंजिनियर, त्याचीही तीच अवस्था, म्हणून आम्ही दोघं कॉफी प्यायला बाहेर गेलो.

पण हे जमतं, कारण तेव्हा मला दुपारी चारला सुट्टी घेता आली. ताईचा बॉस तशी देत नाही, आणि इथेही पोरांसाठी अर्धवेळ नोकरी करतात त्या बहुतेक आयाच. त्यामुळे 'तिकडे बघा कसं' हे वाक्य मी ग्रुपवर लिहून पुसलं.

शिवाय हे शिकायला जर्मनीत यायची गरज नव्हती. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं हेच केलं. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, छोटे तुकडे आणि आगकाड्या. तीन काड्या जोडून त्रिकोण करा, तो हलत नाही. चार जोडून चौकोन करा, दाबला की लगेच कलतो. त्याला तिरपी काडी लावली की मग ताठ उभा राहतो, पूल कसा उभा राहतो ते पाच मिनिटांत हाताला कळतं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आपण टाळ्या वाजवल्या आणि पोरांसाठी ग्लू गन आणली. मी गेल्या खेपेला पुण्यातून येताना वीतभर व्हॉल्व्ह ट्यूब बॅगेत टाकली होती. कस्टमवाल्याला ती काय आहे हे समजावताना माझं जर्मन संपलं.

ताईला मी एवढंच लिहिलं, की पुढच्या वेळी पवनचक्कीचं एक पातं तरी त्याला कापू दे, नंबर गेला तर जाऊ दे. तिने उत्तर दिलं, 'तू शाळेच्या बाईंना सांग.' खरं आहे. परीक्षक पवनचक्की सुबक आहे का एवढंच बघणार असतील, तर सहा वर्षांच्या पोराचं तिरकं पातं कोण पाठवणार? स्पर्धा वर्गातच घ्या, शाळेतलीच रद्दी द्या आणि पालकांना आत सोडू नका. यात सरकारी शुल्काचा काही संबंध नाही.

2023 साली मार्टिनच्या दुसऱ्याच दिवशी, 12 नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन होतं. इथे आकाशकंदील मिळाला नव्हता, म्हणून मुलीचा तोच कंदील आम्ही गॅलरीत टांगला. व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं, 'एका बाजूला भोक कसलं रे ते?' मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, 'ती खिडकी आहे.'